होळीत गेलेली होडी

माशाचं तेल मुरलेलं लाकूड कुठे जळालं, की त्या वासाने मला डहाणूच्या खाडीकाठची ती होळी आठवते. पूल झाल्यावर काकांची उतारू नेणारी होडी किनाऱ्यावर पडून होती. धक्क्याजवळ छप्पर घालून ती जपायची, असं गावाने ठरवलं होतं, म्हणून काका रोज तिच्या फळ्यांना तेल चोळत. होळीच्या संध्याकाळी आम्ही दोघं नैवेद्य घेऊन गेलो, तेव्हा ज्वाळांमध्ये होडीच्या टोकाचा हिरवा रंग दिसला. होळीसाठी लाकडं चोरायची आमच्याकडे रीतच आहे. होडी टाकून दिलेली समजून पोरांनी ती फोडली होती. "ओढून काढू या," मी म्हणाले. काका म्हणाले, "होळीत पडलेलं लाकूड मागे घेत नाहीत, बाय." त्यांनी पुरणपोळी आगीत टाकली आणि नारळी पौर्णिमेला होडीपुढे जोडायचे तसेच हात जोडले. मागे कुणी बाई म्हणाली, यंदा होळी किती छान पेटली. धक्क्याजवळचं छप्पर पुढे झालं. त्याखाली आता लोक स्कूटर लावतात, मीही लावते.