ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा

ही गोष्ट माझ्या लेकीलाही माहीत नाही. तिला वाटतं, आईनं बाबांची गाडी जिवापाड जपली. शिरूरमध्ये आमच्या आळीत सगळ्यांनाच तसं वाटतं. मी कधी कुणाचं खोडून काढलं नाही — आणि आज तुमच्याशी बोलतानाही कुठून सुरुवात करावी कळत नाही. गाडीपासूनच करते.

हे दौंडला रेल्वेत फिटर होते. कॉलनीत राहत असताना तिथल्या एका डॉक्टरांची जुनी पद्मिनी यांनी घेतली. फिकट निळी. रिटायर झाल्यावर शिरूरला घर बांधलं, तेव्हा आधी गाडीची शेड उभी राहिली, मग माझा ओटा. मला राग आला होता का? आला होता. आज तसा राग यायला कुणी उरलं नाही.

दर उन्हाळ्याच्या शेवटी चार दिवस हे गाडीखाली असायचे. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवायची, पोत्यावर उताणं पडायचं, चिखलाचे पापुद्रे खरवडायचे. गंजाचा डाग दिसला की पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासायचा. त्यावर लाल प्रायमर, आणि शेवटी ब्रशनं इंजिनचं जुनं ऑइल. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, तीसुद्धा तारेनं मोकळी करायची. मी चहा घेऊन जायचे. कप घ्यायला गाडीखालून फक्त एक हात बाहेर यायचा. मी उगीच तिथं उभी राहायचे, बाहेर आलेल्या पायांशी बोलत — भाजी काय करू, लेकीचा फोन आला होता, असलंच काहीतरी. त्या पायांची किती आठवण येते, कसं सांगू?

मग यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. कॉट खिडकीशी लावली, तिथून शेड दिसायची — गाडीचं तोंड आणि एक बाजू. पहिल्या उन्हाळ्यात मी खरंच गाडीखाली शिरले. हे कॉटवरून सांगत होते, मी करत होते. दुसऱ्या उन्हाळ्यात यांनी विचारलं, "औंदा बी ऑइल मारशील न्हवं?"

"मारते की," मी म्हणाले.

मारलं नाही.

दमले होते, असं म्हणता येईल. यांचं सगळं करताना पाठ मोडायची, तेही खरं. पण त्या दुपारी मी दमलेली नव्हते. शेडमध्येच गाडीच्या मागं, खिडकीतून दिसणार नाही अशा सावलीत मासिक वाचत बसले. दोन तास. मधूनमधून पान्यानं चाकावर ठोकत होते — यांना आवाज जावा म्हणून. मग डब्यातल्या जुन्या ऑइलमध्ये बोटं बुडवली, मनगटापर्यंत फासली, थोडं कपाळालाही लावलं, आणि आत गेले.

यांनी डाव्या हातानं माझा हात धरला. नाकाशी नेला. डोळे मिटून कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. एवढ्या वर्षांच्या संसारात यांनी माझा हात असा कधी धरला नव्हता. तेव्हाच सांगायला हवं होतं ना? सांगितलं नाही. उलट पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहिली. आणि तो आल्यावर पुन्हा तेच केलं — पाना, मासिक, ऑइलचा डबा.

वरून मात्र रोज पुसायचे. खिडकीतून दिसणारी बाजू तर लख्ख.

त्या पावसाळ्यात शेडमध्ये झड यायची, आणि भोकं बुजलेल्या दारांमधून पाणी झिरपून मॅटखाली साठत राहिलं. एकदा सीट पुसायला आत बसले, तर टाच खाली गेली. मॅट उचलली. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याचा भुगा झालेला, भोकातून शेडची फरशी दिसत होती. मी त्यावर प्लायवुडचा तुकडा टाकला, मॅट पसरली, दार लावून घेतलं.

गणपतीनंतर यांचे नोकरीतले सोबती, जाधवभाऊ, दौंडहून भेटायला आले. हे त्यांना म्हणाले, "जरा गाडी बघून ये. माझ्यापरीस चांगली ठिवलीय हिनं."

मी चहा गॅसवर तसाच सोडून त्यांच्या मागोमाग गेले. जाधवभाऊंनी आधी खाली वाकून पाहिलं. मग दार उघडलं, मॅट वर केली, प्लायवुड सरकवलं. माझ्याकडं पाहिलं. त्यांनी सगळं होतं तसं ठेवलं, नळावर हात धुतले, आत आले.

"व्हय गड्या," म्हणाले. "लई चांगली ठिवलीय."

चहा न घेताच ते गेले.

त्याच आठवड्यात यांनी मला विचारलं. अगदी सहज, जेवण भरवताना. "एकदा मला गाडीत बसव. शेजारचा तात्या चालवंल. न्हावऱ्यावरनं दौंडला जाऊ, कॉलनी बघू आन् माघारी येऊ."

"क्लच गेलाय," मी म्हणाले. "दुरुस्त करून घेते, मग जाऊ."

यांनी मान हलवली. "बरं. घाई न्हाई."

दसऱ्याच्या आधी हे गेले.

आता जाधवभाऊंनाही माहीत नाही ते सांगते. क्लच ठीक होता. रस्त्यावर चालवता येत नसली, तरी दर रविवारी मीच गाडी सुरू करून शेडमधून पुढं-मागं करायचे. भोक फक्त पुढं होतं. तात्यांनी प्लायवुडवर पाय ठेवून सावकाश चालवली असती. मागचा पत्रा शाबूत होता. यांनी विचारलं त्याच संध्याकाळी मी मागची मॅट उचलून, बोटांनी दाबदाबून पाहिला होता. उशा लावून, मी शेजारी धरून बसले असते, तर यांना दौंडला नेता आलं असतं. पण तात्यांना प्लायवुड दिसलं असतं, आणि त्यांनी यांना सांगितलं असतं.

म्हणून मी नेलं नाही.