विजूनं रंगवलेली गल्ली

आज सकाळी विजू गेली.

हळवं काही लिहिलं तर ती शिव्या घालेल. म्हणून सरळ लिहिते.

विजया माझी शेजारीण, शाळेपासूनची मैत्रीण आणि चित्रकार. ती इमारती काढायची. एसटी स्टँड, थिएटर, कसबा बावड्याच्या साखर कारखान्याची चिमणी, शिरोलीतल्या फाउंड्रीच्या शेड्स.

जाड काळी रेघ. आत सपाट रंग. लाल म्हणजे लाल. शेडिंग नाही, धुकं नाही.

आणि हे कोल्हापुरात. जिथं नदीच्या घाटावरचं कोवळं ऊन वॉटरकलरमध्ये उतरवणं म्हणजेच चित्रकला.

नव्वदच्या दशकात एका प्रदर्शनातून तिची चित्रं परत आली. परीक्षक म्हणाले, "बाई, ही चित्रं नाहीत. काडेपेटीची लेबलं आहेत."

"असू देत की सर. काडेपेटीनं पेटतं तरी."

घरी आल्यावर मात्र जेवली नाही. म्हणाली, "हॉल नको. मला भिंत पाहिजे. रस्त्यावरची."

आमच्या गल्लीत मोठी भिंत एकच, तालमीची. दरवर्षी गणपतीआधी तिच्यावर नवा पैलवान रंगवायचे. त्या वर्षी नेहमीचा पेंटर कबनूरला कुणाचा तरी बंगला रंगवत अडकला होता. विजू तालमीच्या वस्तादांकडे, आण्णांकडे गेली. सोबत मी.

"काय काढणार?"

"आपली गल्ली."

"गल्ली काय काढायची? समोर हाय की!"

"म्हणूनच कोण बघत न्हाय, आण्णा."

आण्णांनी मान डोलावली. "काढ. पर लोकांस्नी न्हाय आवडलं तर चुना मारणार. रडायचं न्हाय."

"मी रडत नसतो," विजू म्हणाली.

(बाहेरगावच्या मित्रांसाठी: कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतात.)

भावाचा जुना शर्ट घालून ती परांचीवर चढली. भिंत पुरी झाली त्या सकाळी अख्खी गल्ली बघायला आली.

आणि भांडायला लागली.

शोभावहिनी सगळ्यात पुढं. "आमचं घर कुठलं गं?"

"ते पिवळं."

"पिवळं? आमचं पोपटी हाय!"

"शेजारचं हिरवं हाय, वहिनी. दोन हिरवी शेजारी आली की दोन्ही मरत्यात."

"मग त्यांचं कर की पिवळं!"

कुणाची गॅलरी राहिली होती. कुणाची नवी मोटरसायकल. पाटीलकाकांचं फाटक काळं का, म्हणून त्यांचा मुलगा हमरीतुमरीवर आला.

आण्णा म्हणाले, "विजे, रंग बदल. विषय संपला."

"एक बदलला की सगळी भिंत बदलाय लागंल. मी न्हाय बदलणार. चुना मारायचा तर मारा."



आण्णांनी एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. "दिवाळीपर्यंत ऱ्हाऊ दे. मग बघू."

दिवाळी आली. घरं रंगवायची वेळ. शोभावहिनींचे यजमान पोपटी रंग आणायला निघाले, वाटेत तालमीसमोर थांबले, बराच वेळ थांबले.

घर पिवळं झालं.

मी वहिनींना गाठलं. त्या उलट माझ्यावरच डाफरल्या. "मग काय करू? येणारी पावणं भिंत बघत्यात आणि आमचं घर हुडकत्यात. घावतच न्हाय! किती जणांस्नी सांगत बसू?"

मग समोरचं घर निळं झालं. त्याला लागून विटकरी. पाटीलकाकांनी फाटक काळं करून घेतलं, वर शेजाऱ्यांना सांगितलं, "गंजत न्हाय काळं."

पुढच्या गणपतीला नेहमीचा पेंटर डबे घेऊन हजर झाला. आण्णा दारातच उभे.

"पावणं, चहा घ्या. भिंतीला हात लावायचा न्हाय."

त्या दिवशी विजू रडली. भर रस्त्यात, मोठ्यानं.

पुढं सगळं झालं. दोन हजारनंतर पुण्यामुंबईत प्रदर्शनं, मोठ्या ऑफिसांच्या भिंती, पेपरात फोटो. मुलाखतीला आलेल्या एका पोरीनं विचारलं, "मॅडम, सगळ्यात मोठा सन्मान कुठला?"

"लोकं घरात चित्र लावत्यात," विजू म्हणाली. "आमच्या गल्लीनं चित्रासाठी घरं रंगवली. अजून काय पाहिजे?"

जिंकून गेलीस, विजू.

तुला आमच्या सगळ्या गल्लीचा नमस्कार.