घोट्याइतके पाणी

वसाहतीच्या समितीने स्मरणिकेसाठी माझ्याकडे कडुबा आणि गीताबाईंच्या ‘हृद्य आठवणी’ मागितल्या आहेत. चार वेळा निरोप आला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी लावलेली रोजनिशीची सवय एकोणऐंशीव्या वर्षीही सुटलेली नाही, त्यामुळे माझ्या आठवणी तारखेसकट आहेत. हृद्य निघतील याची हमी देत नाही.

समितीचा बेत असा, की पुंडलिकनगरातल्या आमच्या वसाहतीच्या मोकळ्या भूखंडावरची दगडी विहीर मुरूम टाकून बुजवायची आणि वर ‘आदर्श दांपत्य’ कडुबा-गीताबाईंच्या नावाने कारंजे उभारायचे. ज्या दोघांनी अडतीस उन्हाळे त्या विहिरीत मुलींना पोहायला शिकवले, त्यांच्या नावाने घोट्याइतके पाणी. अध्यक्ष सर्जेरावांना यात काही हास्यास्पद वाटत नाही. स्वतःच्या बाबतीत त्यांना ते कधीच वाटलेले नाही.

कडुबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, गीताबाई बांधकामावर विटा वाहत. गीताबाईंची धाकटी बहीण लासूर स्टेशनजवळच्या एका मळ्यात घागर भरताना विहिरीत पडली आणि बुडाली. काठावर सात बाया होत्या, एकीलाही पोहता येत नव्हते. लग्न झाल्यावर गीताबाईंनी नवऱ्याकडे दागिना मागितला नाही. मला पोहायला शिकवा म्हणाल्या. कडुबांनी शिकवले. मग दोघांनी मिळून इथल्या पोरींना शिकवायला घेतले. तेव्हा इथे घरे कमी आणि शेते जास्त होती. विहीर तेव्हा खंडेरावांची, मेंढरे राखणाऱ्या घरातल्या माणसाची; वसाहतीकडे ती पुढे, त्यांच्या माघारी आली. “गाळ दरसाल तुमी काढायचा,” एवढीच त्यांची अट.

कडुबा काठावर दोर धरून उभे, गीताबाई पाण्यात, आणि मुलीच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलेला.

“दोर ढिला सोडा की. म्हैस बांधली काय?” त्या खालून ओरडत.

“म्हशीला कळतं तरी, भाईर कवा यायचं,” कडुबा वरून.

या दोघांमध्ये ‘आदर्श’ म्हणावे असे संभाषण मी कधी ऐकले नाही. पण दोर दुसऱ्याच्या हातात असला तर गीताबाई पाण्यात उतरत नसत, आणि अंगात ताप असला तरी कडुबा घोंगडी पांघरून काठावर हजर असत.

मे महिन्यात रजा टाकून दोघे लूनावर निघत, मागे डबे बांधून, अजिंठ्याच्या बाजूच्या गावांतून. एका गावात कारभारी म्हणाले, “बायांनी हिरीत उतरायची आमच्यात रीत नाय.” गीताबाईंनी विचारले, “मग पडायची हाय का?” आणि लुगड्याचा काष्टा घट्ट करून थेट वरून उडी मारली. कडुबांनी तेवढ्यात दोर सोडला होता. त्यांना बायको माहीत होती.

आता तारीख. १४ मार्च १९८८. विहिरीच्या फाटकाला कुलूप लावावे म्हणून सर्जेरावांनी घरोघर फिरून सह्या घेतल्या. अर्जात शब्द होता ‘स्वच्छता’. कडुबा आणि गीताबाई बौद्ध होते, सगळ्या घरांतल्या पोरी त्यांच्यासोबत एका पाण्यात उतरत होत्या, आणि स्वच्छता म्हणजे काय हे अर्जात न लिहिताही सगळ्यांना कळत होते. तेवीस सह्या झाल्या. एकोणिसावी माझी. एवढे शिकून मी ती केली, कारण सर्जेरावांच्या पत्नीशी हळदीकुंकवाचे जाणे-येणे बिघडायला नको होते. याहून क्षुल्लक कारण मला माझ्या एकाही वहीत सापडलेले नाही.

कुलूप लागले, ते खंडेरावांनी दगड घालून फोडले. “हीर माझी हाय. कुलूप कुणाचं?” चार दिवसांनी गीताबाई माझ्या दारात आल्या. हातात त्या अर्जाची नक्कल होती.

“सुलेखाताई, सगळ्यांत चांगलं अक्षर तुमचं हाय. आमच्या हजेरीला असंच पायजे.”

हा टोमणा होता की बोलावणे, मी विचारले नाही. रविवारपासून रजिस्टर घेऊन काठावर बसू लागले. आज त्यात अकराशे सेहेचाळीस नावे आहेत. सर्जेरावांची नात तनुजा हिचेही आहे. ती आली तोवर स्वच्छतेचा प्रश्न मिटला असावा.

यंदा जानेवारीत गीताबाई गेल्या. एकोणीस दिवसांनी कडुबा गेले. रजिस्टरमधल्या जुन्या मुलींपैकी करुणा आता दर रविवारी दोर धरते.

गेल्या गुरुवारी समितीच्या बैठकीत, गीताबाईंनी माझ्याकडेच ठेवलेल्या नकलेवरून, मी तो अर्ज सह्यांसकट वाचून दाखवला.

“ताई, जुनं उकरून काय मिळतं?” सर्जेराव म्हणाले.

“तेवीस नावं मिळाली.”

“त्यात तुमचंपण आहे की.”

“म्हणून तर मोठ्यानं वाचलं.”

चहा झाला, हात वर झाले आणि कारंजे मंजूर झाले. अर्ज वाचताना ज्यांनी माना खाली घातल्या होत्या, त्यांचे हात सर्वांत आधी वर गेले.

काल रविवारी मुरुमाचा ट्रक आला. अकरा मुली पाण्यात होत्या. मी माझी खुर्ची फाटकाच्या मधोमध ठेवली.

“अम्मा, बाजू हो जाव, गाडी खाली करनी है,” ड्रायव्हर म्हणाला.

“हजेरी चालू आहे.”

मागून सर्जेराव आले. “ताई, उठा. लोक बघताहेत.”

मी एकेक नाव सावकाश घेतले. पाण्यातून एकेक ‘हजर’ आले. अकरा संपल्यावर पहिल्यापासून पुन्हा घेतले. तिसऱ्या वेळी ड्रायव्हरने इंजिन बंद केले, विडी ओढली आणि ट्रक मागे घेऊन निघून गेला. सर्जेरावांनी घड्याळ पाहिले. त्यांना कुठल्याशा सत्काराला जायचे होते.

बुधवारी पुन्हा येणार आहेत म्हणे. बुधवारी पोरींची शाळा असते, विहिरीत कुणी नसते. हे समितीने बरोबर हेरले आहे. बुधवारी खुर्चीसोबत रजिस्टर असेल, आणि त्यातली अकराशे सेहेचाळीस नावे मी पहिल्यापासून वाचेन. लेख छापायचा नसेल तर छापू नका. नक्कल माझ्याकडे आहे.