मागचा डावा स्पीकर

आमच्या पुढच्या खोलीत धड अशी एकच खुर्ची होती आणि तिच्यावर बसायला घरात कोणालाच परवानगी नव्हती. ती स्पीकर ऐकायची खुर्ची होती. फरशीवर मी खडूने तिच्या चारही पायांच्या खुणा केल्या होत्या, कारण खुर्ची वीतभर जरी सरकली तरी मागचा-पुढचा आवाज बिघडतो असं माझं ठाम मत होतं. बायको फरशी पुसताना खुणा पुसून टाकायची आणि मी तिच्यावर खेकसायचो. "खडूच हाये नं, पुन्हा काढा," असं म्हणून ती पुढची फरशी पुसायला घ्यायची.

दोन हजारनंतरची ती पहिली काही वर्षं. मी चिमूरला एका खाजगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचो. घरी नागपूरहून जुळवून आणलेला कॉम्प्युटर होता आणि त्याला पाच स्पीकर आणि एका वूफरचा सेट होता. दोन स्पीकर मॉनिटरच्या बाजूंना, एक मॉनिटरच्या डोक्यावर, दोन खुर्चीच्या मागे भिंतीला खिळे ठोकून, आणि वूफर टेबलाखाली. तसा सेट गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हता. साहजिकच माझ्या डोक्यात हवा गेली. कोणाला स्पीकर घ्यायचे असले की तो आधी माझ्याकडे यायचा. मी लोकांच्या घरी जाऊन त्यांचे स्पीकर तपासायचो आणि एका वहीत मार्क द्यायचो. बारीक आवाजाला इतके, वूफरला इतके, मागच्या स्पीकरांना इतके. शाळेत मला गणितात कधी धड मार्क मिळाले नाहीत, पण द्यायला मात्र मी लय कंजूष होतो.

तपासायची माझी एक रीत होती. कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम होता, त्यात खोलीचं चित्र आणि चित्रात पाच स्पीकर. ज्या स्पीकरवर माऊस दाबला तेवढाच खर्र वाजायचा. माणसाला खुर्चीवर बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि आवाज जिकडून आला तिकडे बोट दाखवायला सांगायचं. दहापैकी नऊ बोटं बरोबर पडली तर स्पीकर नीट लागले. माझ्या सेटला दहापैकी दहा मिळायचे, आणि हे मी भाजी घेतानासुद्धा कोणाला ना कोणाला सांगायचो.

भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. आम्ही तलावावर मासे धरणाऱ्या घरातले. तळाशी जाळं अडकलं की बुडी मारून सोडवायला तोच जायचा, हिवाळ्यातही. मी काठावर पुस्तक घेऊन बसायचो, कारण मी शिकणारा होतो. लहानपणी त्याचा कान वाहायचा. आई लसूण टाकून तेल कोमट करायची आणि त्याच्या कानात सोडायची, तो वास मला अजून आठवतो. पुढे कान वाहायचा थांबला आणि घरात त्या गोष्टीचं कोणी नाव घेतलं नाही. भाऊ जंगलखात्यात रोजंदारीवर वनमजूर म्हणून लागला. वणवा विझवायचा, पाणवठे पाहायचे, वाघाचे ठसे दिसले की वर कळवायचे. अकरा वर्षं झाली तरी रोजंदारीच. त्या उन्हाळ्यात मात्र जुन्या मजुरांना कायम करायचा प्रस्ताव वर जाणार असं ठरलं आणि यादी करायचं काम त्याच्या वनपालसाहेबांकडे आलं. यादी टाइप करून पाहिजे होती. "माह्या भावाच्या घरी कॉम्प्युटर हाये," असं भाऊ मोठ्या तोऱ्यात साहेबांना बोलला, आणि एका रविवारी सकाळी त्यांना मोटरसायकलवर घेऊन माझ्या दारात हजर झाला.

यादीत बारा नावं होती. मी टाइप केली. चौथ्या ओळीत भाऊचं नाव आलं तेव्हा काना-मात्रा दोनदा तपासली. साहेबांनी स्क्रीनवर बोट फिरवून सगळं वाचलं आणि बरोबर आहे म्हणाले. आता फक्त प्रिंट काढायची होती. प्रिंटर चालू होता, कागद लावलेला होता. एक बटण दाबायचं होतं, बस. मी ते दाबलं नाही. मी म्हणालो, "साहेब, आले हाये तर आधी स्पीकर तर आयकून पाहा."

यातच माझं सगळं पाप आलं, खरं तर. पुढचं नुसतं घडत गेलं.

साहेब मोकळ्या स्वभावाचे. ते खुर्चीवर बसले, डोळे मिटले, मी माऊस दाबत गेलो आणि त्यांनी पाचही बोटं बरोबर दाखवली. खुश झाले. म्हणाले, "आता याले बसवा, मी दाबतो." भाऊ बसायला तयार नव्हता. "मले कायले, तुमीच आयका नं," म्हणत तो दाराशीच उभा राहिला. मीच त्याचा हात धरून ओढला. बायको चहा टाकायला आत गेली होती. मी कूलर बंद केला, कारण त्याच्या घरघरीत बारीक आवाज कळत नाही.

पहिला आवाज समोरून उजवीकडून. भाऊने बरोबर दाखवलं. दुसरा समोरून डावीकडून. भाऊने मान थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवली, जरा थांबला आणि दाखवलं, तेही बरोबर. पण मान हलवणं माझ्या रीतीत बसत नव्हतं. मी म्हणालो, "भाऊ, मान नाई हालवाची." तो हो म्हणाला आणि पुन्हा हलवली. मग मी खुर्चीच्या मागे गेलो आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. लहानपणी मला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवणाऱ्या माणसाचं डोकं. त्याच्या कानशिलावरची शीर माझ्या बोटाखाली उडत होती. मला वाटलं गर्मीनं उडते आहे.

साहेबांनी मागचा डावा स्पीकर दाबला. भाऊने उजवीकडे बोट केलं. पुन्हा दाबला. पुन्हा उजवीकडे. समोरचा डावा दाबला, तरी उजवीकडेच. साहेब हसायला लागले. "मास्तर, तुमचा तर हा अर्धा सेटच फुसका दिसते."

गंमतच करत होते ते. मीही हसून सोडून द्यायला पाहिजे होतं. पण माझ्या स्पीकरला फुसका म्हटलेलं मला कुठं खपतं. मी स्टुलावर चढलो, मागचे दोन्ही स्पीकर खिळ्यांवरून काढले, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला, आणि पुन्हा भाऊचं डोकं धरलं. आता आधी फुसका ठरलेला स्पीकर त्याला स्वच्छ ऐकू आला. आणि चांगला म्हणून डावीकडे गेलेला वाजला, तेव्हा भाऊने बोट उजवीकडेच केलं.

"पाहा," मी साहेबांना म्हणालो. "स्पीकरमंधी काई खोट नाई. भाऊच्याच डाव्या कानात हाये."

भाऊने डोळे उघडले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "सर्दी झाली हाये दोन दिवसापासून," एवढंच म्हणाला. त्याला सर्दी नव्हती. मला तेव्हा एकदम दिसायला लागलं की हा लग्नात पंगतीला नेहमी रांगेच्या डाव्या टोकाला बसतो. आम्ही दोघं चालायला लागलो की मला उजव्या हाताला घेतो. झोपतो तेव्हा उजव्या कुशीवर कधीच नाही. इतकी वर्षं मी लोकांचे कान तपासत हिंडलो आणि माझ्या सख्ख्या भावाचा कान गेला हे मला माहीत नव्हतं. आणि कळलं तेव्हा तोंडातून काय निघालं, तर स्पीकरची वकिली.

साहेबांचं हसणं थांबलं होतं. ते उठून भाऊच्या डाव्या बाजूला गेले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मोटरसायकलची चाबी तुह्याजवळच हाये का?" भाऊ समोर पाहत बसून राहिला. ते काही क्षण तिथंच थांबले. मग माझ्याजवळ टेबलाशी आले.

तेवढ्यात बायकोने चहा आणला. भाऊने तो बशीत ओतला. साहेब स्क्रीनकडे पाहत हळू बोलायला लागले. माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. म्हणाले, "चौथं नाव सध्या राहू द्या. कायम कराच्या आधी डॉक्टर तपासते, तवा हे निघनच. एकासाठी अख्खी यादी वापस आली तर बाकीच्या अकरा जनाईचं काय? अन् जंगलात वाघ उजव्याच बाजूनं येते असं थोडी हाये. मी त्याले नर्सरीत काम देतो. तिथं जिवाले धोका नाई."

मी म्हणू शकलो असतो की साहेब, अकरा वर्षं हाच कान घेऊन त्याने जंगल सांभाळलं, एक दिवस चुकला का? निदान त्याला सांगा तरी, तो इथंच बसला आहे. मी चौथी ओळ निवडली आणि काढून टाकली. पाचव्याचा आकडा आपोआप चार झाला, सहाव्याचा पाच. कॉम्प्युटरला त्याचं काहीच वाटलं नाही. मग मी प्रिंट काढली.

मागे वळलो तर भाऊ बशी तोंडाजवळ धरून स्क्रीनकडे पाहत होता. भाऊ सातवी शिकलेला. त्याला वाचता येतं, मोजताही येतं. त्याने बशी खाली ठेवली, बायकोला चहा चांगला झाल्याचं सांगितलं आणि साहेबांना म्हणाला, "चाला साहेब, ऊन चढून राह्यलं."

पुढं बाकीचे अकरा जण कायम झाले. भाऊ नर्सरीत पिशव्यांमध्ये माती भरायला लागला, रोजंदारीवरच. ज्याला त्याला वाटतं की कान वेळेवर ओळखून मी त्याचा जीव वाचवला. वहिनीसुद्धा तसंच म्हणते, दरवेळी म्हणते, आणि मी मान खाली घालून जेवतो. जीव वाचला असेलही. पण मी त्याच्या जिवाचा विचार केलाच नव्हता. मी माझ्या स्पीकरची अब्रू वाचवत होतो. त्या वहीत मी पुन्हा कोणाला मार्क दिले नाहीत. खुर्चीही सरकवली, बायकोला वाटलं मला शहाणपण आलं.

चार-पाच वर्षांनी एका दिवाळीला गावी गेलो. भाऊ संध्याकाळी तलावाच्या पाळीवर एकटाच बसला होता. या वेळी सांगायचंच असं मी घरून ठरवून निघालो होतो. मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो, डाव्या बाजूला. चुकून नाही बसलो. आणि पाण्याकडे पाहत, हळू आवाजात, सगळं बोललो. प्रिंट आधी काढायला पाहिजे होती. डोकं धरायला नको होतं. ओळ मी माझ्या हाताने काढली, मला माफ कर. आणि खोटं कशाला बोलू, बोलता बोलता थोडं हलकंही वाटायला लागलं.

भाऊने माझ्याकडे वळून पाहिलं. माझे ओठ हलताना त्याला दिसले असावेत. त्याने उजव्या बाजूच्या गवतावर हात थोपटला.

"तिकून आयकू येत नाई, तुले तर माह्यीत हाये," तो म्हणाला. "इकून बस, अन् आता बोल काय म्हनत होता तं."

मी उठलो, त्याच्या पाठीमागून फिरून उजवीकडे जाऊन बसलो. त्याने कान माझ्याकडे केला आणि थांबला. मी विचारलं, यंदा तलावात मासोळी कशी हाये.