पावणेनऊची मेल

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे गार्डसाहेब म्हणतात. रेल्वेची नोकरी त्यांनी एक दिवसही केलेली नाही. तरुणपणी गार्डची परीक्षा पास झाले, मुलाखतही झाली, आणि शेवटच्या तपासणीत डोळ्यांनी दगा दिला. मग चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागले आणि चव्वेचाळीस वर्षं घासत राहिले. ज्या डोळ्यांनी नोकरी घालवली त्यांचंच खाल्लं, असं मी चारचौघांत म्हणते. त्यांना हा विनोद आवडत नाही. मला आवडतो, म्हणून मी करते.

रेल्वेने घेतलं नाही तर ह्यांनी रेल्वे घरी आणली. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी पाठीमागे काहीतरी लपवून घरात शिरले. मला वाटलं, माझ्यासाठी आणलं. खोक्यातून कापूस बाजूला करून काढलं ते एक वीतभर काळं इंजिन. "चाकं बघ," म्हणाले. मी चाकं बघितली. तेव्हापासून बघतेच आहे.

स्वयंपाकघरामागे सामानाची एक बिनखिडकीची खोली होती. तिथलं सामान माळ्यावर गेलं आणि फळ्या टाकून रूळ आले. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं. चार स्टेशनं, एक बोगदा, एक पूल. झाडं माझ्या भांडी घासायच्या स्पंजची. नवा स्पंज दोन दिवसांत नाहीसा झाला की समजायचं, कुठेतरी जंगल वाढलं. फलाटांवर बोटाच्या पेराएवढी माणसं. त्यातली बाकावर बसलेली हिरव्या कपड्यांतली बाई म्हणजे मी, असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे विचारत, गाडीची वाट बघतेय का? मी म्हणायची, गाडीची कसली, गार्डसाहेबांची!

इंजिनं एकतीस झाली. प्रत्येकाचं मूळ खोकं, खोक्यातला मूळ कागद, सगळं जपलेलं. एकदा मी एका खोक्याचा कोपरा दुमडला, तर दोन दिवस घरात बोलणं बंद. त्यांच्यासारखाच एक मित्र, आम्ही त्यांना दाढीवाले म्हणतो, रविवारी येई आणि दोघं एका चाकाच्या कडेवर दीड तास बोलत. दोन वेडे बोलायला बसले की तिसऱ्याने गुपचूप चहा टाकावा, एवढं शहाणपण मला आलं होतं.

पण खरं वेड होतं ते घड्याळ. एका स्टेशनापासून दुसऱ्यापर्यंत अंतर चार हातांचं, आणि वेळापत्रक मात्र ह्यांना खऱ्यासारखं हवं. गाडी निघाली नाही तोच पोचते, मग अर्ध्या तासाचा प्रवास दाखवायचा कसा? म्हणून ह्यांनी वेळच लहान केली. घड्याळजीकडे बसून एका भिंतीवरच्या घड्याळाची चाकं बदलून घेतली. ते घड्याळ बारा पट पळे. आपली पाच मिनिटं झाली की त्याचा तास होई. तेव्हापासून आमच्या घरात मिनिटं दोन प्रकारची झाली, छोटी आणि मोठी. "दहा मिनिटांत आलो," असं आतून ओरडले की मी विचारायची, "छोटी की मोठी?" मुलगा घरी होता तोवर तोही हेच विचारायचा. उत्तर नेहमी "छोटी" असे, आणि यायला नेहमी मोठीच लागत.

खोलीत शिरताना ते मनगटावरचं घड्याळ आणि अंगठी काढून बाहेर ठेवत, कारण धातू रुळांना लागला की वीज जाते. म्हणजे आत एकदा शिरले की त्यांना वेळ सांगणारं ते एकच, पळणारं.

मला साखरेचा आजार. दिवसातून तीनदा जेवणाआधी इन्शुलिन घ्यावं लागतं. मी शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलं, हजारो मुलींच्या हातात सुई दिली, पण स्वतःला टोचायची म्हटलं की माझे हातपाय गळतात. ते काम ह्यांनी घेतलं. नऊ वर्षांत एकदाही चुकले नाहीत. काचा घासून हात इतका हलका झाला होता की टोचलेलं कळायचं नाही. गाड्या सोडून यावं लागलं तरी वेळेवर येत, हे मी कबूल करते. बायकोला वेळ देत नव्हते, सुईला देत होते.

तो रविवार होता. माझी धाकटी बहीण कायमची लेकीकडे, परदेशात निघाली होती. निरोप घ्यायला सकाळी अकराला आली. ह्यांनी त्या दिवशी दुपारी एक ते रात्री बाराचं अख्खं वेळापत्रक चालवायचं ठरवलं होतं. एकोणीस गाड्या आणि एकही उशिरा नाही. कित्येक वर्षं जमलं नव्हतं, म्हणून सकाळपासून रूळ पुसत होते. मी दोनदा हाक मारली. दोनदा आतून आलं, "आलोच." बहीण सव्वा तास बसली. जाताना त्या बंद दाराकडे बघून म्हणाली, "ताई, भाऊजींना नमस्कार सांग." ती जिना उतरून गेल्यावर हे हातात फडकं घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "गेली का?"

साडेबाराला त्यांनी इंजेक्शन दिलं. मी दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. रागावलेल्या माणसाला अन्न जात नाही, आणि मला तर त्यांना दाखवायचंच होतं की जात नाही. मग पडदे ओढून पडले. एक वाजता हे खोलीत गेले आणि वेळापत्रक सुरू झालं.

डोळा लागतो न लागतो तोच ते समोर उभे. हातात सुई. "चल, हात दे. साडेआठ होताहेत."

खरा पाऊण तासही झाला नव्हता. पण सात-आठ गाड्या एकामागून एक वेळेवर सुटल्या होत्या, घामाने शर्ट भिजला होता, पडदे ओढलेले, आणि दोन्ही वेळा त्यांच्या डोक्यात एकमेकींत घुसल्या होत्या. सव्वाआठची गेली होती आणि पावणेनऊची मेल सिग्नलला उभी होती. तेवढ्या सवडीत धावत आले होते.

मी म्हटलं, "अहो, आत्ताच तर दिलंत."

"आत्ताच कुठलं? घड्याळ बघून आलोय. दे लवकर."

मी हात पुढे केला. सुई टोचली, आणि ते पळत परत गेले.

पुढचं मला नंतर कळलं. मेल बोगद्यापाशी रुळावरून घसरली. तिला उचलून चाकं पुसण्यात त्यांचा अर्धा तास गेला, खरा अर्धा तास. मग त्यांच्या लक्षात आलं की रात्र झाली तरी भूक कशी नाही. जेवत नाही असं मला सांगायला बाहेर आले, खिडकी लावून घ्यावी म्हणून पडदा सारला, आणि बाहेर रणरणतं ऊन. साखर पार उतरून मी घामाने निथळत होते आणि हाकेला ओ देत नव्हते. कोपऱ्यावरचा औषधवाला त्यांच्या ओरडण्याने धावत आला. तीन दिवस मी दवाखान्यात होते.

डॉक्टरांना त्यांनी दारातच सांगितलं, "माझ्या हातून झालं." औषधवाल्याला सांगितलं, मुलाला फोनवर सांगितलं, ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं. घरी आल्यावर खोलीला कुलूप लागलं. सुईला हात लावेनात, म्हणून तिन्ही वेळा नर्सबाई यायला लागल्या. निवृत्तीनंतरही सकाळी दोन तास दुकानात जात, तेही सोडलं. म्हणाले, एखाद्याला चुकीची काच घासून दिली तर? चहात साखर घालायची तर मला विचारत, घातली का ग मी? शेजारच्या खोलीत मी खोकले तरी दारात येऊन उभे राहत. वजन इतकं उतरलं की शर्ट खुंटीवर अडकवल्यासारखा दिसायला लागला. लोक म्हणत, गार्डसाहेबांनी फार मनाला लावून घेतलं. मी मान हलवायची.

पण त्या दिवशी रात्र झालेली नाही, हे मला माहीत होतं. पडद्याखालून उन्हाची पट्टी जमिनीवर आली होती आणि ती मला पलंगावरून स्वच्छ दिसत होती. एक शब्द बोलले असते, "ऊन बघा," तर पुरे होतं. मी नाही बोलले. मनात म्हटलं, द्या, घड्याळ बघून आलात ना, द्या. एकदा कळू दे. काय कळू दे, ते मला तेव्हाही नीट ठाऊक नव्हतं. मरायचं मला नव्हतं. मला फक्त एकदाच त्यांना चुकलेलं बघायचं होतं.

चार महिने हे मी कुणाला सांगितलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं प्रत्येक जण माझ्याकडे बघतोय असं वाटे. पण कुणी बघत नव्हतं, सगळे त्यांच्याकडेच बघत होते. सांगावं तर बाई म्हणून माझी काय किंमत राहील, आणि न सांगावं तर हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत झिजतोय.

मग एका सकाळी त्यांनी कुलूप उघडलं आणि खोकी बाहेर आणायला लागले. दाढीवाल्यांना सगळं देऊन टाकायचं ठरवलं होतं. एकेक इंजिन कापसात ठेवत होते, चाकं बोटाने फिरवून बघत होते. ते पहिलं काळं इंजिन हातात आलं तेव्हा जरा थांबले आणि मग तेही खोक्यात घातलं. मला राहवलं नाही.

"अहो, एक सांगायचंय. त्या दिवशी दुपार आहे हे मला माहीत होतं."

त्यांचे हात थांबले.

"ऊन दिसत होतं मला. तरी मी हात दिला."

त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तू म्हणाली होतीस, आत्ताच दिलंत म्हणून."

"हो. पण तुम्ही..."

"मी ऐकलं होतं." त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला पुढे वाकावं लागलं. "ऐकलं आणि मनात आलंही, की ही म्हणते ते खरं असेल. पण बघत बसलो असतो तर मेल चुकली असती."

आम्ही दोघं जमिनीवर बसून होतो, मध्ये खोकी. मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

"माझा एवढा राग आला होता तुला? बहिणीवरून?"

"नुसता बहिणीवरून नाही."

ते समजले. खोकी परत आत नेली नाहीत, बांधलीही नाहीत. दाढीवाले आले, तर त्यांना म्हणाले, आज राहू दे.

साडेबाराला नर्सबाई आल्या. नेहमीप्रमाणे औषध भरलं, तोच हे हात धुऊन आले आणि म्हणाले, "द्या इकडे. आज मी देतो." मला इतका आनंद झाला की मी घाईघाईने बाही वर केली. चार महिन्यांनी ते माझ्याशेजारी बसले. सुई धरली तशीच, हलकी.

"दुपारचं अजून झालेलं नाही ना?" त्यांनी मला विचारलं.

"नाही हो."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून त्यांनी नर्सबाईंना विचारलं, "खरंच नाही ना दिलेलं?"