वाजवून बघू देणारं दुकान

परभणीतल्या पहिल्याच दुकानात दादानं मालकाची कॉलर धरली आणि त्याला काउंटरवरून अर्धा अलीकडे ओढला. घुंगरांच्या माळा, बासऱ्यांचा डबा, तबल्याचे हातोडे, सगळं फरशीवर सांडलं. कारण एवढंच की कोपऱ्यातल्या अँपला, गिटारचा आवाज वाढवणाऱ्या मशीनला, मी हात लावला होता आणि मालक खेकसला होता, "हात लावू नका. आधी विकत घ्या, मग घरी नेऊन काय वाजवायचं ते वाजवा."

"आमी बकरू बी दात बघितल्याबिगर घेत न्हाई," दादा म्हणाला, "अन् तू म्हणायलास आवाज ऐकल्याबिगर मशीन घ्या?"

मालक काही कमी नव्हता. त्यानं हाताला लागला तो हातोडा दादाच्या मनगटावर मारला आणि वर म्हणाला, "मेंढरामागं फिरणाऱ्यांना गिटार कशाला पायजे?" मग मी मध्ये पडलो. सोडवायला नव्हे. त्याचं नाक मी फोडलं की दादानं, यावर घरी बरेच दिवस वाद चालला. अँप मात्र वाजवायचा राहिला तो राहिलाच.

आमचं घर पिंगळीजवळचं, मेंढरांचं. आमच्याकडे बोलणं संपलं की हात सुरू होतो, आणि बोलणं फार लवकर संपतं. या दुकानाच्या बऱ्याच आधी दादानं मेंढरं काढून टाकली आणि डीजेची गाडी केली. पिकअपवर बेसच्या आणि टॉपच्या स्पीकरांचे डबे, मागं जनरेटर. त्याच्या गाडीवर उभा राहून मी गिटार वाजवायचो. आमचा बाप म्हणायचा, एकानं गोंगाट विकायला काढलाय आणि दुसरा त्या गोंगाटात सुई शोधायलाय. बापाचं बरोबर होतं. त्या डब्यांतून माझी गिटार पत्र्यावर खिळा घासल्यासारखी यायची. खाली नाचणाऱ्यांना त्याचं काही नव्हतं. मला होतं.

मग चुडाव्याची मिरवणूक आली. समोरून दुसऱ्याची गाडी आली आणि दोन्ही डीजेंची गाठ पडली. अशा वेळी आमच्या भागात कुणी मागं सरत नाही. गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या करायच्या, आवाज फुल सोडायचा, आणि ज्याचं मशीन आधी जळेल तो हरला. खाली उतरलेला मी दोन्ही गाड्यांच्या मध्ये सापडलो, गळ्यात गिटार. मी दादाला हातानं खुणा केल्या, बंद कर, बंद कर. त्याला वाटलं, मी आणखी वाढव म्हणतोय. त्यानं वाढवला. समोरच्या गाडीतून धूर निघाला, आमची पोरं नाचली, आणि मग दगड सुरू झाले. एक माझ्या गुडघ्यावर बसला, एकानं दादाची भुवई उघडली. दादा रक्तानं भरलेल्या तोंडानं हसत होता, कारण तो जिंकला होता. माझ्या डाव्या कानात शिट्टी सुरू झाली. पुढे कधीतरी शिट्टी गेली, आणि तिच्याबरोबर कानही गेला.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "डावा संपला. उजवाही अधू झालाय, तो तेवढा सांभाळा. पुन्हा असा आवाज बसला तर तोही जाईल." मी गाडी सोडली. मला एकच हवं होतं. उजवा आहे तोवर माझी गिटार मला एकदा खरी ऐकायची होती, चांगल्या अँपमधून. तसले अँप मी फक्त मोबाइलवर पाहिले होते. जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह त्यांच्यात असतात, आणि ते तापल्याशिवाय अँप तोंड उघडत नाही.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो गाडीचं टायर बदलत होता. त्यानं पाना खाली टाकला. "असलं मशीन जिल्ह्यात जिथं आसंल तिथून तुला मिळवून देतो," तो म्हणाला. चुडाव्याबद्दल तो कधीच एक शब्द बोलला नाही. त्याऐवजी तो माझ्याबरोबर दुकानं हिंडायला लागला आणि माझ्या वाटचं सगळ्यांना हाणायला लागला.

लोक म्हणाले, पुण्याला जा. गेलो. तिथं वाजवू देतात हे खरं, पण सगळ्यांना एकाच वेळी वाजवू देतात. एक जण ड्रम बडवत होता, दोघं माझ्यासारखेच गिटार घेऊन बसले होते, आणि त्या बाजारात माझ्या उरल्यासुरल्या कानाला स्वतःचा सूरच सापडेना. विक्रेत्या पोरीला हे सांगितलं तर तिनं गोड हसून दोन कानांचे हेडफोन पुढे केले. दादानं ते हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि मोडले. आम्हाला धक्के मारून बाहेर काढलं. जिन्यावरून उतरताना दादा म्हणाला, "शहरातली दुकानं म्हंजी मोठं घर, पोकळ वासा." आम्ही परत निघालो.

गंगाखेडला तर कहर झाला. तिथल्या दुकानदारानं फोनवर शपथेवर सांगितलं होतं की खास परदेशी माल आहे, या आणि पाहिजे तेवढा वाजवा. गेल्यावर निघालं एक प्लॅस्टिकचं खोकं, त्यावर कुणीतरी रंगानं इंग्रजी नाव काढलेलं. रंग बोटाला लागला. मी बोट दाखवलं तर तो म्हणाला, "तुला ऐकू येत न्हाई, तुला काय कळतंय?" माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. मी ते खोकं उचलून त्याच्या दुकानाच्या काचेवर घातलं. आतून चौघं बाहेर आले. मला दोघांनी गटारीत दाबून धरलं आणि बाकीच्यांनी दादाला तुडवलं. माझं तोंड चिखलात होतं तरी मी एका हातानं उजवा कान झाकून धरला होता, बरगड्यांवर लाथा बसत होत्या तरी तो हात मी काढला नाही. दादानं तिथंच एकाच्या पोटरीचा चावा घेतला म्हणून आम्ही सुटलो.

या मारामारीची गोष्ट सगळीकडे झाली, आणि तिनंच आम्हाला चांगलं दुकान मिळवून दिलं. देवगाव फाट्यावरच्या एका साउंडवाल्यानं ती ऐकली आणि स्वतःहून निरोप धाडला. हैदराबादच्या कुण्या बँडवाल्यानं बेसच्या डब्यांच्या बदल्यात टाकलेला व्हॉल्व्हचा अँप त्याच्याकडे होता. गिऱ्हाईक नव्हतं, आणि हलक्या माणसाला तो द्यायचा नव्हता.

म्हातारा मालक आमच्यापेक्षाही तापट निघाला. दादाला पाहताच म्हणाला, "तूच का चावणारा? आत ये, पण मशीनला बोट लावलंस तर बोट ऱ्हाणार न्हाई."

"अन् मला वाजवू देणार?" मी विचारलं.

"वाजव की. ऐकल्याबिगर घेतो तो येडा, अन् ऐकू न देता इकतो तो चोर."

इतकी दुकानं हिंडलो, हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. त्यानं आम्हाला मागं नेलं. मागं सरकी पेंडीचं गोदाम होतं, शेजाऱ्याचं, आणि छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या. त्यांच्या मधल्या चौकोनात अँप ठेवलेला. मालकानं शटर ओढलं आणि रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज तुटला. पोती आवाज पीत होती. पुण्याच्या त्या काचेच्या दुकानाला सात जन्मांत असली खोली जमली नसती. पेंडीचा वास घरचाच होता, आमच्या मेंढरांच्या खाण्याचा.

व्हॉल्व्ह तापून लाल झाले. मी आवाजाचं बटण जेमतेम हलवलं आणि एक तार छेडली.

काय सांगू. बोट तारेवरून सुटलं तेही ऐकू आलं. सूर आला, भरला, आणि घाई न करता विरत गेला, शेपटापर्यंत. इतकी वर्षं मी हेच वाजवत होतो आणि मला ते माहीत नव्हतं. मी तीच तार पुन्हा छेडली. मग खाली वाकून उजवा कान अँपच्या तोंडावरच्या कापडाला जवळजवळ टेकवला, गिटार तशीच गळ्यात, आणि सगळ्या तारा एकदम सोडल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला लाज वाटली नाही. मी सुखी होतो.

दादा पाठीमागं उभा होता. "रडायलास कामून?" तो म्हणाला. "आवाज एवढुसाच? ह्यो म्हातारा काहीतरी लपवायलाय."

त्याचंही चूक म्हणता येत नाही. डीजेच्या धंद्यात मशीन पारखायची एकच रीत. दुकानासमोर लावायचं, फुल सोडायचं, टिकलं तर खरं. हळू आवाजात कुणी दाखवायला लागला की समजायचं, वाढवला की आवाज फाटतो. दादाला वाटलं, पुन्हा फसवतायत, पुन्हा आपल्या भावाला रडवतायत. मालक "ए!" म्हणून ओरडला, ते मी ऐकलं. दादाचा हात माझ्या खांद्यावरून पुढे आला आणि त्यानं बटण शेवटापर्यंत फिरवलं.

तारा अजून वाजत होत्या. अँपचा आवाज त्यांच्यात शिरला, तारांमधून पुन्हा अँपमध्ये, आणि एक किंकाळी उठली. ती कानानं ऐकायची गोष्ट नव्हती. कुणीतरी डोक्यात पहार घातली. मी मागं पोत्यांवर फेकला गेलो, थप्पी कोसळली, पेंडीचा भुगा नाकातोंडात गेला.

उठलो तो दादाच्या अंगावरच. गळ्यातली गिटार काढून मी ती त्याच्या खांद्यावर मारली, तिची मान मोडली. मग बुक्क्यांनी मारलं, तोंडावर, भुवईवर, चुडाव्याची खूण होती तिथंच. रक्त आलं. मालकानं कोपऱ्यातला दांडका घेऊन दादाच्या पाठीत घातला. दादा वळला नाही. त्याचे ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, तेच तेच काहीतरी तो म्हणत होता. मी शिव्या देत होतो आणि मारत होतो, आणि त्याच्या उलट्या हाताची वाट बघत होतो. तो येणारच होता. लहानपणापासून आमचं भांडण त्या हातानंच संपायचं.

हात आला नाही. दोन्ही हात खाली सोडून दादा मार खात उभा होता. तो फक्त माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि शेवटी मी त्याच्या ओठांवरून ओळखलं, काय विचारतोय ते.

"ऐकू यायलंय का?"