खोटी ओळ टाकणार नाही

घुगे मॅडमना कॉम्प्युटरवरचं माहितीचं एखादं टेबल दाखवायला गेलं, की त्या स्क्रीनकडे बघायच्याच नाहीत. खुर्चीत रेलून डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "वाच." म्हणजे टेबलातली कुठलीही एक ओळ घ्यायची आणि साध्या मराठी वाक्यात म्हणून दाखवायची. 'अमुक शेतकऱ्याच्या तमुक प्लॉटमध्ये थॉमसन द्राक्षं आहेत.' वाक्य सरळ निघालं तर टेबल पास. मध्येच 'आणि शिवाय' किंवा 'बहुतेक' असलं काही आलं, की त्यांचा एक डोळा उघडायचा. "दोन वाक्यं एकात कोंबलीस. फोड."

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी. खाली लेथ चालायचे, वर आमची भांडणं. मॅडम मूळच्या सिन्नरच्या, पॉलिटेक्निकात बरीच वर्षं डेटाबेस शिकवून मग आमच्याकडे आलेल्या. माहिती कशी मांडायची ते त्यांनी ठरवायचं आणि मी ती प्रोग्रॅममध्ये बसवायची, अशी वाटणी होती. वाटणी कसली, रोजची कुस्ती! मी नव्या वळणाचा. माझं म्हणणं, कशाला ही टेबलांची फोडाफोड? सगळं एका गठ्ठ्यात टाका, लागेल तेव्हा शोधू. त्यावर मॅडम म्हणायच्या, "तुझ्या आईनं तांदूळ, तिखट आणि फिनेल एकाच डब्यात ठेवलं असतं, तर तू एवढा वाढला असतास का रे शहाण्या?" मी म्हणायचो, मॅडम, जग पुढं गेलं. "जग गेलं असेल. तर्कशास्त्र अजून इथंच आहे."

रिकाम्या रकान्याचा तर त्यांना मनापासून तिटकारा. "रिकामं म्हणजे नक्की काय? माहीत नाही, लागू नाही, की विचारायचा कंटाळा आला?" एकदा माझ्याच माहितीत लग्नाच्या तारखेचा रकाना मी मोकळा सोडला होता. मॅडमनी सगळ्यांसमोर मोबाईल काढला. "लग्न झालं नाही, की तारीख विसरलास? लावू का बायकोला फोन?" आख्खं ऑफिस खिदळलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. काही बाबतींत बाई नको इतक्या हट्टी होत्या, हे माझं मत आजही कायम आहे आणि ते मी त्यांना फोनवर अधूनमधून ऐकवतोही.

पण निफाडकडच्या त्या पॅकहाउसची गोष्ट वेगळी. द्राक्षं निवडून खोक्यांत भरायला तिथं हंगामात आसपासच्या गावांतून जीपा भरभरून बायका येतात. त्यांची गेटवर नोंद करायचं काम आमच्या कंपनीनं घेतलं होतं. आमचे मालक देवरेसाहेब म्हणाले, मोबाईल नंबर हीच प्रत्येकाची खूण धरा, एका नंबरावर एकच माणूस. मलाही ते सुटसुटीत वाटलं. मॅडम बैठकीत उभ्याच राहिल्या. "साहेब, मोबाईल घराचा असतो. माणसाचा असतोच असं नाही." देवरेसाहेब हसून म्हणाले, "मॅडम, हे कॉलेज नाही." विषय संपला.

नोंदणीच्या दिवशी सकाळी देवरेसाहेब, मॅडम आणि मी तिथं हजर होतो. ताराबाई नावाच्या एका बाईंनी मुलाचा नंबर दिला आणि त्या आत गेल्या. मागे त्यांची सून मनीषा. तिनं नवऱ्याचा नंबर दिला. म्हणजे तोच! स्क्रीनवर आलं, 'हा नंबर आधीच नोंदलेला आहे.' सुपरवायझर म्हणाला, "ताई, तुमचं व्हायचं नाही. भरती आजच बंद होणार, परत जा." ताराबाई आतून ओरडत आल्या, "अवं, ती माझी सून हाय! माझ्यापरीस लय चांगलं पॅकिंग येतं तिला." रांगेत आणखीही कितीतरी जणींची हीच गत. आज नोंद झाली नाही, तर त्यांचा सगळा हंगाम हातचा जाणार होता.

देवरेसाहेबांनी आम्हाला आतल्या केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं. "शेवटचा आकडा बदलून टाका हो. कोण बघतंय?"

"म्हणजे कुठल्या तरी तिऱ्हाइताच्या नंबरावर हिचं नाव?"

"तात्पुरतं, मॅडम."

मॅडमना राग आला की त्यांच्या तोंडी सिन्नर यायचं. "साहेब, मशीन काय मानतं? टेबलात आहे ते खरं, नाही ते खोटं. मघाशी ते म्हणालं, ही बाई नायच. अहो, ती भायेर डबा घेऊन उभी हाय! आन् आता तुम्ही म्हणता, खोटं सांगून तिला आत घ्या. लय झालं. मी खोटी ओळ टाकणार नाय."

"मग आजचं काम बंद पाडता का?"

मॅडमनी दार उघडून सुपरवायझरला हाक मारली. "मशीन बंद ठेवा. मागच्या वर्षी वहीत नावं लिहून बायका घेत होतात, तशाच आज घ्या. एकीलाही परत पाठवायचं नाही. उद्या दुपारी मशीन नीट करून देते." तो बिचारा आधीच वैतागलेला होता, त्यानं लगेच गेट मोकळं केलं.

देवरेसाहेब थंडपणे म्हणाले, "घुगे मॅडम, मग हे तुमचं इथलं शेवटचं काम."

"असू दे. शेवटचं तरी बरोबर होऊ दे."

द्राक्षांचे क्रेट उलटे टाकून आम्ही दोघं कोपऱ्यात बसलो. मॅडमनी ठरवलं, प्रत्येकीला गळ्यात घालायला एक कार्ड आणि त्याचा नंबर हीच तिची खूण. मोबाईल वेगळ्या टेबलात, एका मोबाईलवर हव्या तितक्या बायका. मी सोडतो की काय! "मॅडम, माणसाला मनानंच चिकटवलेल्या, असल्या आकाशातून पडलेल्या नंबरांना तुम्हीच आयुष्यभर शिव्या घातल्यात."

"हा आकाशातून पडलेला नाही. तिच्या गळ्यात दिसणार आहे. वाच."

मी वाचलं, 'हे कार्ड मनीषाचं आहे. तिला निरोप या मोबाईलवर द्यायचा.' कुठंही अडखळलं नाही. मी मुकाट्यानं टाईप करायला लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन सुरू झालं, कार्डं वाटली गेली आणि देवरेसाहेबांनी आपला शब्द पाळला. मॅडमची नोकरी गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पॅकहाउसवर होतो. बघतो तर मॅडम गेटबाहेर उभ्या. स्वतःच्या पैशानं एसटीनं आलेल्या. म्हणाल्या, "बायका आत जातात का बघते आणि निघते." एक जीप आली. मनीषानं कार्ड मशीनला लावलं, दिवा हिरवा झाला, ती आत गेली. मागोमाग ताराबाई, "चल गं, उशीर झाला," असं पुटपुटत. मॅडमच्या अंगावरून दोघी गेल्या, पण एकीनंही वळून बघितलं नाही. बघणार कशाला? केबिनमध्ये काय झालं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. "मॅडम, हिच्यापायी तुमची नोकरी गेली आणि हिला पत्तासुद्धा नाही! थांबा, बोलावतो तिला."

मॅडमनी माझी बाही घट्ट धरली.

"खबरदार! कामावर जाताना कुणाचे आभार मानायला लागू नयेत, म्हणून तर भांडले ना मी?"